माग बँकेचा, सूत तुमचं

पत्र

मॅडम, नमस्कार. मी अशोक चौकाजवळ राहते, वय ५८. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठीत झाली, तरी लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या. आमचे टॉवेलचे सहा यंत्रमाग होते. हे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ते विकले. ते पैसे आणि यांच्या विम्याचे मिळून १४ लाखांच्या एफडी आहेत, ९ लाख इथल्या एका सहकारी बँकेत आणि ५ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत. व्याजावर घर चालतं. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न करायचं आहे.

मुलगा २७ वर्षांचा आहे. एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात काम करतो. गुणी आहे, कसलं व्यसन नाही. पण सहा महिन्यांपासून त्याच्या डोक्यात क्रिप्टो, म्हणजे ते बिटकॉइनसारखं संगणकावरचं चलन, शिरलं आहे. म्हणतो, “अम्मा, आधी हे धोक्याचं होतं. आता अमेरिकेच्या सरकारनं बिटकॉइन घेतलं, मोठमोठ्या बँका घ्यायला लागल्या, आपलं सरकार त्यावर टॅक्स घेतं, रिझर्व्ह बँकेनं स्वतःचा डिजिटल रुपया काढला. अजून काय पाहिजे? एफडी मोड, दहा लाख तरी टाकू.” त्यानं स्वतःचे ४० हजार टाकलेत, मोबाइलवर ६१ हजार झालेले दिसतात. टेलिग्रामवर कुठला तरी ग्रुप आहे, तिथले सर सांगतात तसं करतो. मी नाही म्हटलं की “तुला त्यातलं कळत नाही” म्हणतो. मला खरंच कळत नाही. सरकारनं आणि बँकांनी घेतलं म्हणजे ते पक्कं झालं ना? एफडी मोडू का?

– एक आई, सोलापूर

उत्तर

ताई, एफडी मोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला निवांत वाचता येईल. आणि शक्य झालं तर मुलाला शेजारी बसवून वाचा, कारण तो म्हणतोय त्यातली बरीच माहिती खरी आहे. तो तुम्हाला फसवत नाहीये. फक्त “घेतलं” या एका शब्दात त्यानं तीन-चार निराळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. ते गाठोडं सोडून बघितलं की तुम्हाला सगळं कळेल. माग चालवलेल्या घरातल्या बाईला हे कळणार नाही, हे मला मान्यच नाही.

अमेरिकेपासून सुरू करू. ६ मार्च २०२५ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशावर सही करून बिटकॉइनचा सरकारी साठा उभा केला, ही गोष्ट खरी. पण तो साठा सरकारनं बाजारात जाऊन विकत घेतलेला नव्हता. गुन्ह्यांच्या तपासात जप्त झालेले आणि रीतसर सरकारजमा झालेले बिटकॉइन त्यांच्याकडे आधीपासूनच होते. आपल्या भाषेत मुद्देमाल. आदेशाचा अर्थ इतकाच की हा मुद्देमाल यापुढे विकायचा नाही, आणि आणखी घ्यायचे झाले तर करदात्यांवर नवा बोजा न टाकता घ्यायचे. उलट जर्मनीत २०२४च्या जून-जुलैमध्ये सॅक्सनी राज्यानं असेच जप्त केलेले जवळजवळ ५० हजार बिटकॉइन विकून टाकले. भाव इतका खालीवर होणारा मुद्देमाल पडून ठेवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एका सरकारनं ठेवले, दुसऱ्यानं विकले. दोघांच्या खिशातून खरेदीचा पैसा गेलाच नव्हता, म्हणून दोघांनाही ते परवडलं. तुमचे दहा लाख मात्र मागांच्या आवाजात आयुष्य काढून साठवलेले आहेत.

एका देशानं खरोखरच छातीठोकपणे घेतलं होतं, तो मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर. सप्टेंबर २०२१मध्ये तिथे बिटकॉइन कायदेशीर चलन झालं. दुकानदारानं ते स्वीकारलंच पाहिजे असा कायदा केला, लोकांना सवय लागावी म्हणून सरकारी अ‍ॅपमध्ये प्रत्येकी ३० डॉलरचे बिटकॉइन दिले. तरीही लोक रोजचे व्यवहार डॉलरमध्येच करत राहिले. जानेवारी २०२५मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या बोलणीत, ती सक्ती काढून टाकावी लागली. झेक देशाच्या मध्यवर्ती बँकेनंही नोव्हेंबर २०२५मध्ये १० लाख डॉलरची खरेदी केली, पण ती देशाच्या गंगाजळीबाहेर ठेवून, हे तंत्र हाताळायचा अनुभव यावा म्हणून. म्हणजे बुडाले तरी धक्का लागणार नाही, अशा पैशातून शिकणं. तुमच्या मुलाला यातून घेण्यासारखं काही असेल तर ते हे आहे, आणि त्याकडे मी पुढे येते.

आता बँका. इथे मला तुमच्या घरचंच उदाहरण घ्यायचं आहे.

तुमचे यजमान स्वतःचं सूत घेऊन माल काढायचे की मजुरीवर? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण सहा मागांचा संसार असेल तर कधी ना कधी मजुरीचं काम केलंच असणार. सूत शेठचं, माग तुमचा. टॉवेल विकला गेला, पडून राहिला, भाव कोसळला, तरी काढून दिलेल्या मालाची मजुरी तुमची. सुताचा भाव पडला म्हणून तुमच्या घरी त्या रात्री कुणाची झोप उडाली नसेल, शेठच्या घरी उडाली असेल. बरोबर?

मोठ्या बँका आणि गुंतवणूक कंपन्या क्रिप्टोत उतरल्या त्या बहुतेक करून अशाच मजुरीवर. माग बँकेचा, सूत गिऱ्हाइकाचं. १० जानेवारी २०२४ला अमेरिकेच्या बाजार नियंत्रकानं बिटकॉइनच्या फंडांना, म्हणजे लोकांच्या पैशातून त्यांच्यासाठी बिटकॉइन घेऊन ठेवणाऱ्या योजनांना, परवानगी दिली. त्यातला सगळ्यात मोठा फंड ब्लॅकरॉक कंपनीचा. ती वर्षाला पाव टक्का शुल्क घेते, शेकडा चार आणे. फंड वाढला तरी शेकडा चार आणे, पडला तरी शेकडा चार आणे. पडल्याचं नुकसान ज्यानं पैसे घातले त्याचं, आणि सगळी रक्कम बुडू शकते हे फंडाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. जेपी मॉर्गन या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांनी २०१७मध्ये बिटकॉइनला सरळ फसवणूक म्हटलं होतं. मे २०२५मध्ये त्यांनीच जाहीर केलं की आमच्या ग्राहकांना बिटकॉइन विकत घेता येईल, पण बँक ते स्वतःकडे सांभाळून ठेवणार नाही. आणि आपल्याला ते अजूनही पसंत नाही, हेही तेव्हाच सांगितलं. मग बदललं काय? गिऱ्हाईक मागायला लागलं. मागणी असेल तर पेठेतला व्यापारी स्वतःच्या घरात न वापरणारा मालही दुकानात ठेवतोच.

म्हणून मुलाला एवढंच विचारा, “त्या बँकेनं घेतलं म्हणतोस, तर उद्या भाव निम्मा झाला तर नुकसान कुणाच्या पदरात?” तो हुशार आहे, त्याला उत्तर द्यायला वेळ लागणार नाही.

आता मुलगा म्हणतो त्या डिजिटल रुपयाचं आणि त्याच्यासारख्यांचं बघू. बँकांचे स्वतःचे कॉइन असतात, डॉलरला बांधलेले कॉइन असतात, ज्यांच्यासाठी अमेरिकेनं जुलै २०२५मध्ये कायदा केला, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया आहे, जो १ डिसेंबर २०२२पासून सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. ही सगळी मंडळी वाढण्यासाठी बनवलेलीच नाहीत. डिजिटल रुपया एकाचा एकच राहतो, तेच त्याचं काम. तो नोटेचंच दुसरं रूप आहे. त्याचं नाव घेऊन बिटकॉइनला भरवशाचं म्हणणं म्हणजे जकार्डच्या चादरीची हमी कुणाच्याही गाठोड्याला देणं.

आपल्या सरकारचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच पुष्कळ घरांत गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८मध्ये बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२०ला ते परिपत्रक रद्द केलं. मग २०२२च्या अर्थसंकल्पात नफ्यावर ३० टक्के कर आला, आणि त्या वर्षीच्या जुलैपासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस, म्हणजे हातात पैसे येण्याआधीच कापला जाणारा कर. तेव्हा संसदेत प्रश्न आला, तर अर्थमंत्र्यांनी सांगितलं की कर लावला म्हणजे आम्ही याला कायदेशीर ठरवलं असं नाही, बंदीही घातलेली नाही. कर ही पाठीवरची थाप नसते, ताई. मिळकत झाली, त्यात सरकारचा वाटा, इतकंच.

आणि हा कर कसा आहे ते तुमच्या मुलाला ठाऊक आहे का, हे मला जाणून घ्यायचं आहे. समजा एका कॉइनमध्ये त्याला एक लाखाचा फायदा झाला आणि दुसऱ्यात ८० हजारांचा तोटा. हातात उरले वीस हजार. तुम्हाला वाटेल कर वीस हजारांवर. नाही. एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. कर पूर्ण एक लाखावर, ३० हजार, वर चार टक्के उपकर, एकूण ३१,२००. म्हणजे वीस हजार कमावले आणि एकतीस हजार दोनशे भरले. ही करचोरी किंवा चूक झाल्यावरची गोष्ट नाही, नियमानं वागणाऱ्याची आहे. पैसे तुमच्या नावावरून गेले तर विवरणपत्र तुम्हाला भरावं लागेल, नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल.

आता मी एक जुनी गोष्ट सांगते. मी अठ्ठावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच सोलापुरात. १९९०च्या दशकात सागवानाच्या झाडांच्या योजनांचं पेव फुटलं होतं. आज एवढे भरा, वीस वर्षांनी झाडं तुमची, लाखो रुपये तुमचे. एक गृहस्थ, तुमच्यासारखेच मागवाले, एफडी मोडायला माझ्या टेबलापाशी आले. खिशातून पत्रक काढून दाखवलं. त्यावर एका मोठ्या बँकेचं नाव छापलेलं होतं. ते म्हणाले, “मॅडम, बँक पाठीशी आहे, मग काय भीती?” ते नाव फक्त एवढ्यासाठी होतं की लोकांनी भरायचे पैसे त्या बँकेतल्या खात्यात जमा होणार होते. बँकेनं त्या झाडांची कसलीही हमी घेतली नव्हती. मला ते दिसलं होतं. काउंटरवर गर्दी होती, एफडी त्यांची होती, मोडण्याचा हक्क त्यांचा होता. दहा मिनिटांत मी सही करून कागद पुढे सरकवला. ती कंपनी पुढे बुडाली. ते गृहस्थ नंतरही बँकेत येत, माझ्याशी नीट बोलत, कधी एका शब्दानं मला दोष दिला नाही. “त्या नावाचा अर्थ असा नाही हो” एवढं एक वाक्य मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. तुमचं पत्र वाचून दोन दिवस तेच डोक्यात होतं. म्हणून हे उत्तर लांबलंय.

मुलाची बाजूही मांडली पाहिजे. बिटकॉइन उद्या एकदम नाहीसं होईल, असं म्हणणं आता धरून चालत नाही. इतके फंड, इतके ग्राहक, एका महासत्तेचा साठा, यामुळे सरकारांना त्यावर सरसकट बंदी आणणं अवघड झालंय. आणि २०२२च्या पडझडीत ज्यांनी न विकता धरून ठेवलं, त्यांच्याकडे तळाला उरलेल्या पैशाचे ऑक्टोबर २०२५पर्यंत कित्येक पट झाले, हेही खरं. पण टिकून राहणं निराळं आणि भाव टिकणं निराळं. नोव्हेंबर २०२१मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास होता, वर्षभरात तो १६ हजारांच्या खाली गेला. तेव्हाच्या दहा लाखांचे अडीच लाख समजा. “तेव्हा सरकारं नव्हती, बँका नव्हत्या,” असं तो म्हणेल. ठीक. ऑक्टोबर २०२५मध्ये सरकारी साठा होता, फंड होते, बँका होत्या, आणि भाव सव्वा लाख डॉलरच्या वर पोचला होता. पुढच्याच महिन्यात तो एक लाखाच्या खाली आला. हे सगळे मोठे लोक मांडवात बसलेले असताना.

मुलीच्या लग्नाचा मुहूर्त भाव वर यायची वाट बघणार नाही. ज्या पैशाला तारीख लागलेली आहे तो पैसा अशा ठिकाणी ठेवायचा नसतो, आणि तुमच्या चौदा लाखांपैकी सगळ्याच पैशाला तारीख आहे. थोड्याला लग्नाची, बाकीच्याला दर महिन्याच्या एक तारखेची.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला जास्त काळजी तुमच्या दुसऱ्या एका गोष्टीची वाटते. सहकारी बँकेत ९ लाख. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका माणसाला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंतच मिळतात. ही मर्यादा फेब्रुवारी २०२०पासून आहे, त्याआधी ती एक लाखच होती. सोलापुरातल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं २०२२मध्ये रद्द केला, तेव्हा बहुतेक ठेवीदारांना या विम्यामुळेच पैसे मिळाले. तुमची बँक वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती एफडी ज्या दिवशी पिकेल त्या दिवशी तिथे साडेचार लाख ठेवा आणि बाकीचे दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत हलवा. मुदतीआधी मोडलीत तर व्याज कापलं जाईल, म्हणून पिकण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन वर्षांनी तुम्हाला साठ पूर्ण होतील, तेव्हा ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहेच. आपल्या सरकारची खरी हमी हवी असेल तर ती पोस्टाच्या काउंटरवर मिळते.

मुलाला क्रिप्टो बंद कर असं सांगू नका. सांगून ऐकणार नाही, आणि लपून करायला लागला तर जास्त वाईट. त्याच्या पगारातून, गेले तर घरात कुणाच्या ताटातलं काही कमी होणार नाही एवढे पैसे त्यानं घालावेत. व्यवहार करायचाच तर केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, करावा. मार्च २०२३पासून अशा कंपन्या मनी लाँडरिंग, म्हणजे काळा पैसा पांढरा करणं, रोखण्याच्या कायद्याखाली आल्या आहेत. पण ती नोंदणी त्याच्या पैशाची हमी नाही, हेही त्यानं लक्षात ठेवावं. वझीरएक्स हे देशातलं नावाजलेलं एक्स्चेंज. जुलै २०२४मध्ये तिथून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकून पडले. तिथे पाच लाखांचा ठेव विमा नसतो. खात्याची माहिती त्यानं घरात एका कागदावर लिहून ठेवावी, त्याच्या बहिणीला तरी ठाऊक असावी. बिटकॉइन जर त्यानं एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, काढून ठेवले, तर त्याची किल्ली, म्हणजे ते उघडायचा गुप्त संकेत, हरवल्यावर वारसालाही काही मिळत नाही.

आता त्या टेलिग्राम ग्रुपकडे येते. पत्रातली हीच ओळ मी तीनदा वाचली. सहा महिन्यांत ४० हजारांचे ६१ हजार, आणि कुणीतरी “सर” सांगतात तसं करायचं. कदाचित ते खऱ्या एक्स्चेंजवरचे खरे पैसे असतील. पण असे ग्रुप स्वतःच्या बनावट अ‍ॅपवर आकडे वाढवून दाखवतात, तिथे काही विकत घेतलेलं नसतंच. आपल्या राज्याला याचा जुना अनुभव आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा दहा टक्के परतावा अठरा महिने देऊ असं सांगून लोकांकडून बिटकॉइन घेतले गेले, आणि २०१८मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली, तोवर अनेक घरं धुऊन निघाली होती.

तेव्हा आज रात्री मुलगा कामावरून आला, जेवला, की त्याला सांगा, “ते सगळे पैसे एकदा काढून तुझ्या बँक खात्यात आण. दोन दिवस राहू देत, मग हवे तर परत टाक.” थोडे नाही, सगळे. विश्वास बसावा म्हणून ठग सुरुवातीला दोन-पाच हजार परत देतात. सगळे आले, तर त्याचा तुमच्याशी वाद घालायचा हक्क मी मान्य करते. आधी टॅक्स भरा, आधी फी भरा, मग पैसे सुटतील, असा निरोप तिकडून आला, तर एक रुपयाही भरू नका. एक टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो, आणि ३० टक्के कर त्यानं स्वतः सरकारकडे भरायचा असतो. त्यासाठी कुणाच्या खात्यात वेगळे पैसे पाठवायचे नसतात. मग त्याच घडीला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत नंबरवर फोन करा. सकाळची वाट बघू नका, कारण पहिल्या काही तासांत पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवता येण्याची शक्यता असते. ग्रुपमधले मेसेज पुसू नका, फोटो काढून ठेवा. आणि त्या वेळी पोरावर ओरडू नका, ताई. त्याच्याजवळ बसा, नंबर तुम्ही लावा.

काय झालं ते मला कळवा.